कॉम्प्युटर हळू चालवला तो उन्हाळा

आमचे आप्पा नदीवरच्या उपसा पाणी योजनेवर मोटरवाले होते. कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. नदीकाठी पत्र्याची खोली, तिच्यात दोन मोठ्या मोटरी, भिंतीवर स्टार्टर आणि विजेचा दाब दाखवणारं एक काट्याचं मीटर. वीज आली की मोटर लावायची आणि ती जाईपर्यंत तिच्यापाशी बसून राहायचं. काम हंगामी होतं, पण आप्पा बाराही महिने त्या खोलीची किल्ली कमरेला लावून असत.

मी नववीत असताना एका उन्हाळ्यात विजेचा दाब पार खाली गेला. आप्पा म्हणाले, काटा वर आल्याशिवाय मोटर लावायची नाही. योजनेच्या कमिटीतली चार माणसं खोलीत येऊन उभी राहिली. "तुला पाणी द्यायला ठेवलाय, काटा बघत बसायला न्हाई," त्यांच्यातला एक म्हणाला. आप्पांनी स्टार्टर दाबला. मोटर कशीबशी फिरली, गुरगुरली आणि अर्ध्या तासात खोलीभर जळक्या वार्निशचा वास सुटला. पुढच्या बैठकीत ठराव झाला की मोटरवाल्याच्या हलगर्जीपणानं मोटर जळाली. त्या चौघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. आप्पा घरी बसले.

मग आई कोरेगावातल्या एका गोदामात घेवडा, राजम्यासारखं ते कडधान्य, निवडायला जायला लागली. दिवसभर गोणपाटाच्या तळवटावर बसून फुटके, डागी दाणे वेगळे काढायचे. डागी घेवडा बायकांना स्वस्तात मिळायचा, त्यामुळं आमच्या घरी आठवड्यातले पाच दिवस त्याचीच आमटी. आजही मी घेवडा खात नाही, आणि पाहुण्यांच्या पंक्तीत बसले तरी तसं स्पष्ट सांगते. आप्पांना पुढं मोटरी रिवायंडिंग करणाऱ्या दुकानात काम मिळालं. दुसऱ्यांच्या जळलेल्या मोटरींतली काळी तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. स्वतःच्या जळलेल्या मोटरीबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत.

दहावीनंतर नातेवाइकांनी माझ्यासाठी स्थळं आणायला सुरुवात केली. आईनं एका मावशीला जे सांगितलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "घेवडा निवडायला तिची डिग्री आड येणार न्हाई. पण डिग्री असली तर निवडाया लागणार न्हाई." एवढ्या बोलण्यावर मी साताऱ्याला एसटीच्या पासवर पाच वर्षं गेले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते, लाजायचं त्यात काही नाही.

नंतर सहा महिने कॉम्प्युटर क्लास केला, मराठी टायपिंग शिकले, आणि सांगलीत आत्याकडं राहून तिच्या ओळखीनं एका छापखान्यात लागले. नव्वदीच्या दशकातले ते दिवस. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याचं काम संपत आलं होतं, पण खिळ्यांच्या लाकडी पेट्या अजून भिंतीला लावलेल्या होत्या. त्यांच्या समोर, काचेची खोली करून, नवा कॉम्प्युटर ठेवला होता. मालक साठीकडं झुकलेले जैन गृहस्थ, सांगलीजवळच्या एका गावात त्यांचा मळा होता. सगळे त्यांना आण्णा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तीन महिनं बघतो. जमलं तर कायम करू, न्हाई जमलं तर राग मानायचा न्हाई." मार्च, एप्रिल, मे असे ते तीन महिने होते. घरी मी आईला सांगून आले होते की मी कायम झाले की तिनं गोदामात जायचं बंद करायचं. त्यामुळं हे तीन महिने माझ्या एकटीचे नव्हते.

आण्णांची त्या कॉम्प्युटरवर माया होती. सकाळी छापखाना उघडला की ते आधी देवाच्या तसबिरीला आणि मग कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे. मी बटण दाबायची, आणि पडद्यावर पहिल्यांदा काळ्यावर पांढरी अक्षरं उमटायची. त्यात प्रोसेसरचा वेग लिहिलेला असे, १३३. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली सगळी गणितं करणारी चौकोनी वडी. तो आकडा दिसेपर्यंत आण्णा हात जोडून उभे राहायचे, आणि दिसला की "चला," म्हणून कामाला लागायचे. लग्नपत्रिका छापायला आलेल्या माणसालाही ते सांगत, "एकशे तेहेतीस हाय. ह्या गल्लीत दुसरं न्हाई."

गल्ली हळदीच्या गोदामांची होती. हंगामात पोती उतरायला लागली की हवेत पिवळी धूळ तरंगायची. माझी पांढरी ओढणी महिनाभरात पिवळी झाली. आत्या म्हणायची, "कामाला जातीस का हळदीला जातीस रोज?"

एप्रिलमध्ये कॉम्प्युटर अडायला लागला. सकाळी बरा चालायचा. दुपारी एकच्या पुढं पडद्यावरचं चित्र आहे तिथं थिजायचं, माउस हलायचा नाही, आणि बंद करून पुन्हा लावलं की केलेलं पान गेलेलं असायचं. हातात काम होतं चौसष्ट पानांच्या पूजा-पुस्तिकेचं, आण्णांच्या स्वतःच्या गावच्या मंदिरासाठी. अक्षय तृतीयेच्या आत ती द्यायची होती. आण्णांनी गावात शब्द दिला होता. त्यांनी घरचा टेबलफॅन आणून कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावला. त्यानं हळद आणखी जोरात आत गेली, हे आम्हाला नंतर कळलं.

कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आतला प्रोसेसरवरचा पंखा गेला असणार. पुण्याहून मागवतो. दहा-बारा दिवस धरा. तोवर मशीन बंद ठेवा, न्हाईतर उष्णतेनं जाईल." बारा दिवस बंद म्हणजे पुस्तिका गेली. आण्णा मळ्याकडं निघून गेले.

ते गेल्यावर मी चार स्क्रू काढून डबा उघडला. क्लासमध्ये शिकवलं होतं तसा आधी लोखंडी सांगाड्याला हात टेकवला, अंगातली वीज निघून जावी म्हणून. आत पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर बसला होता, दाबलेल्या लोकरीचा नमदा बसावा तसा. खिळे साफ करायच्या ब्रशानं मी तो काढला. पण पंखा झिजला होता. थोडा फिरायचा, कुरकुरायचा, थांबायचा.

कॉम्प्युटरच्या खोक्यात एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, कुणीच न उघडलेलं. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, तेही डिक्शनरी जवळ असली तर. त्यात एक तक्ता होता. आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, जोडीजोडीनं पिना असतात आणि त्यांच्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी टोपी बसवतात. तिला जम्पर म्हणतात. कुठली टोपी कुठं बसवली की प्रोसेसर किती वेगानं चालतो, ते त्या तक्त्यात दिलं होतं. १३३ होतं, तसं १००ही होतं. समोरच्या पानावर दुसरा तक्ता, प्रोसेसरला द्यायच्या विजेच्या दाबाचा.

मी फिजिक्स शिकलेली. प्रोसेसर एका ठोक्याला एक पाऊल टाकतो, आणि प्रत्येक पावलाला थोडी ऊब तयार होते. ठोके कमी केले तर ऊब कमी. एवढं मला कळत होतं. खिळे उचलायचा जुना चिमटा घेऊन मी वेगाची टोपी उचलली आणि शंभरच्या पिनांवर बसवली. दाबाच्या टोपीला हात लावला नाही. कुठली टोपी कशाची ते दोनदा पुस्तकात बघितलं.

त्या दिवशी दुपारभर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. पान वर सरकायला उशीर लागायचा, छपाईला पाठवलं की जास्त वेळ घ्यायचा. तेवढ्यात मी मागच्या पानाचं शुद्धलेखन तपासायची. संध्याकाळपर्यंत नऊ पानं झाली. फक्त एक केलं नाही मी. आण्णांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती झाली. मी बटण दाबलं. आण्णा हात जोडून उभे होते.

"शंभर?" ते म्हणाले. "आगं, शंभर कसं? वरचं तेहेतीस कुठं गेलं?"

"मी चाल कमी केली, आण्णा. म्हणून काल अडलं न्हाई."

"कुणाला इचारून केलीस?"

मी पुस्तकातला तक्ता त्यांच्यापुढं धरला. ते खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "हे बघ," म्हणाले, "माझ्या मळ्यात दोन मोटरी जळल्या. दोन्ही कमी दाबावर. मंद फिरत्यात, तापत्यात, जळून जात्यात. आमच्या शेतातल्या पोरासोरांनासुदिक ठावं हाय. आन् तू डिग्रीवाली, तू माझं मशीन मंद केलंस?"

आमच्या भागात नदीकाठचा कुणीही माणूस हेच बोलला असता. मोटर मंद फिरली की जळते, हे आम्ही पोटात असल्यापासून शिकतो. आणि मी तर मोटरवाल्याची मुलगी. आदल्या दिवशी जे मला पुस्तकात स्वच्छ दिसलं होतं, ते आण्णांच्या तोंडून ऐकल्यावर डळमळलं. वाटलं, आत काहीतरी हळूहळू जळत असेल तर? उद्या हे मशीन गेलं तर नोकरी जाणार, आणि वर ठपका राहणार, की बापानं मोटर जाळली आणि मुलीनं कॉम्प्युटर.

"बंद कर ते," आण्णा म्हणाले. "माणूस येईपतूर लावायचं न्हाई."

मी बंद केलं आणि हातानं मुद्रितं तपासत बसले. अक्षरं डोळ्यांसमोरून जात होती, डोक्यात काही शिरत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी आप्पा आले. दुकानासाठी तांब्याची तार न्यायला ते सांगलीत यायचे होतेच, आणि येता येता मला बघून जायचं ठरलं होतं. चपला बाहेर काढून, टोपी नीट करून ते दारातच उभे राहिले. आण्णांनी उठून खुर्ची दिली, ताक मागवलं. मग पोरीच्या बापापुढं तक्रार मांडावी तशी सगळी हकीकत सांगितली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यांनी मला एकच विचारलं. "पोरी, दाब कमी केलास का चाल?"

"चाल, आप्पा. दाब आहे तेवढाच आहे."

"आन् बोजा? बोजा किती वडतंय?"

"चाल कमी केली की बोजापण कमी. तेवढंच काम सावकाश करतंय."

आप्पांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "मग आण्णा, ह्येची आन् मोटरीची गोष्ट निराळी हाय. मोटर मंद फिरली म्हणून जळत न्हाई. दाब कमी झाला तरी पाण्याचा बोजा तेवढाच ऱ्हातो, मग ती त्यो वडायला जास्ती करंट खाती. त्या करंटानं जळती. हितं बोजाच हलका केलाय. बैलगाडीतली निम्मी पोती उतरवून बैल सावकाश हाकला, तर बैल मरतोय व्हय?"

"बोलायला सोपं हाय, पाव्हणं," आण्णा म्हणाले. "खरं कशावरनं मानायचं?"

"हात लावून."

आप्पांची मोटर तपासायची एक रीत होती. मोटरीच्या अंगाला ते तळहात कधी लावत नसत, हाताची पालथी बाजू लावत. तळहातातून झटका बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो. पालथा हात लावला तर हात मागं फेकला जातो. आणि उष्णताही पालथ्या हाताला जास्त कळते, असं ते म्हणत. त्यांनी मला आधी टोपी पुन्हा १३३वर बसवायला लावली. डबा उघडाच ठेवून कॉम्प्युटर अर्धा तास चालवला. मग बंद करून, वायर काढून, आप्पांनी प्रोसेसरची ऊब ओढून घेणाऱ्या, त्याच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्टीला पालथी बोटं टेकवली आणि लगेच उचलली. "आण्णा, तुमी लावा."

आण्णांनी लावली आणि हात झटकला. "तवाच की."

पट्टी निवू दिली. मग शंभरवर अर्धा तास. पुन्हा बंद, पुन्हा वायर काढली. आप्पांनी बोटं टेकवली ती तशीच ठेवली, आणि आण्णांकडं बघत राहिले. आण्णांनीही हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

मग त्यांनी जरा तिरकंच विचारलं. आत्याकडून त्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत असावी. "पाव्हणं, एवढं समजतंय तुमाला, तर तुमची मोटर कशी जळाली?"

मी मान खाली घातली. आप्पांनी नाही घातली.

"मला ठावं हुतं जळणार म्हणून. काटा दिसत हुता. चौघं येऊन हुबं ऱ्हायलं, मी त्येंचं ऐकलं. माझी चूक तेवढीच." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिनं कुणाचं ऐकून केलं न्हाई. पुस्तक वाचून केलंय. इचारलं न्हाई ह्ये चुकलंच. ते तिला सांगा, ती ऐकंल."

इतक्या वर्षांत आप्पा त्या मोटरीबद्दल बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही एका परक्या माणसाच्या छापखान्यात.

आण्णांनी काढलेली वायर उचलून माझ्या हातात दिली. मग मला म्हणाले, "चालू दे शंभरावर. पण मशीन माझं हाय. उघडायच्या आदी मला सांगायचं."

"चुकलं आण्णा. सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले. चाल कमी केली त्याबद्दल मात्र मी माफी मागितली नाही, आणि त्यांनीही ती मागायला लावली नाही.

आप्पांना त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. घरी नेऊन आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि मळ्यातल्या मोटरींबद्दल इतकं विचारत बसले की आप्पांची चारची एसटी चुकली.

पुढचे बारा दिवस कॉम्प्युटर शंभरवर चालला. मी सकाळी अर्धा तास लवकर जायची आणि संथ कामं आधी लावून द्यायची. टेबलफॅन परत घरी गेला. डब्याच्या झरोक्यावर आम्ही जुन्या मलमलीचा तुकडा पातळ ताणून बांधला, मी तो रोज झटकायची. गिऱ्हाइकांना आण्णा आता वेगळं सांगायला लागले. "सध्या शंभरावर ठेवलंय. उन्हाळ्याचं तसंच ठेवत्यात." जसं काही ते पहिल्यापासून तसंच करत आले होते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पुस्तिका अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी बांधून तयार झाली. मंदिरातल्या लोकांनी पाच प्रती छापखान्याला भेट दिल्या, त्यातली एक आण्णांनी माझ्यापुढं ठेवली.

कोल्हापूरचा माणूस नवा पंखा घेऊन आला, तेव्हा आण्णांनी त्याला आधी हेच विचारलं. इतके दिवस हळू चालवलं, आत काही खराबी झाली का? त्यानं सगळं तपासलं. "हळू चालवल्यानं ह्याला काय होत न्हाई. झिजत न्हाई, जळत न्हाई. काम उशिरा होतं तेवढंच. उलट पंखा नसताना पूर्ण चालीवर ठेवलं असतं तर गेलं असतं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पण बाई, शेजारची दाबाची टोपी चुकून उचलली असती, तर एका मिनिटात खलास झालं असतं. तिथं कशा काय वाचलात?"

"दोनदा बघितलं," मी म्हणाले.

त्यानं नवा पंखा बसवला आणि टोपी पुन्हा १३३वर नेली. दुसऱ्या दिवशी आकडा दिसल्यावर आण्णांनी उदबत्ती दोनदा ओवाळली. तोच कॉम्प्युटर आणि आतला तोच प्रोसेसर पुढं पाच वर्षं विनातक्रार चालला. नंतरच्या उन्हाळ्यांत पंखा कुरकुरला की आण्णा स्वतःच म्हणत, "जरा चाल कमी कर गं, पंखा येईपतूर."

आण्णा आता नाहीत. माझ्यासारख्या तीन महिन्यांच्या उमेदवारीवरच्या मुलीला ते त्या सकाळी सरळ घरी पाठवू शकले असते. त्यांना कुणी बोल लावला नसता. त्याऐवजी त्यांनी कामावरून काढलेल्या एका मोटरवाल्याला खुर्ची दिली, त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याच्या सांगण्यावरून स्वतःचा हात लावून बघितला. योजनेच्या कमिटीतल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. आईनं मला शिकवलं, आप्पांनी त्या दुपारी माझी बाजू घेतली, आणि आण्णांनी ती मान्य केली. या तिघांपैकी एक जरी कमी पडलं असतं तरी माझी वाट तिथंच संपली असती. शिकलेली माणसं पुष्कळदा म्हणतात, मी माझ्या हिमतीवर उभी राहिले. मी तसं म्हणत नाही. हिंमत होती माझ्यात, ती मी नाकारत नाही, पण नुसत्या हिमतीवर कुणी कायम होत नाही.

मे संपला. जूनच्या पहिल्या तारखेला आण्णांनी मला कायम केलं. नेमणुकीचं पत्र टाइप करायला छापखान्यात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मीच टाइप केलं आणि त्यांनी त्यावर सही केली. आमच्या घरातली ती पहिली कायम नोकरी. त्याच महिन्यात आईनं गोदामात जायचं बंद केलं.